रिकामी फेरी कोणाच्या नावावर?

बोटीच्या कर्जाच्या अर्जात ‘व्यवसायाचे ठिकाण’ असा एक रकाना असायचा. किराणा दुकान, पिठाची गिरणी, वेल्डिंगचं वर्कशॉप यांचा प्रश्न नव्हता. मच्छीमाराने तिथे काय लिहायचं? बहुतेक जण बंदराचं नाव टाकून मोकळे व्हायचे. एका गड्याने सरळ ‘अरबी समुद्र’ लिहिलं, तर वरून ‘सविस्तर पत्ता द्यावा’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला. शाखेत आम्ही पोट धरून हसलो. पण तो रकाना माझ्या डोक्यातून काही गेला नाही. इंजिन तेच, जाळं तेच, माणसं तीच. बोट कुठे गेली यावर आमचा हप्ता येणार की बुडणार ते ठरायचं. आणि ते ‘कुठे’ कोण ठरवतो, कशावरून ठरवतो, याबद्दल आमच्या एकाही परिपत्रकात ओळ नव्हती.

नोकरीतली काही वर्षं मी दापोली तालुक्यातल्या एका शाखेत कर्ज विभागात काढली. हर्णै बंदर आमच्या हद्दीत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, बोटी जरा लांब नांगरलेल्या, त्यांच्यातला माल छोट्या होड्यांतून उथळ पाण्यापर्यंत, तिथून बैलगाडीने पुळणीवर, आणि पुळणीवर ढीग मांडून लिलाव. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वसुलीला संध्याकाळचा लिलाव सोयीचा, कारण कर्जदार तिथे हातात पैसे घेऊन उभा सापडतो. घरी गेलं की तो ‘दर्यावर गेलाय’ असायचा, भले त्याची बोट समोर डुलत असो.

मासेमारीतली जोखीम म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वादळ येतं. वादळ आहेच, त्याच्याकडे येतो. पण रोज बंदर सोडताना तांडेलाच्या (म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या) पोटात जो गोळा असतो तो बुडण्याचा नसतो, रिकामं परतण्याचा असतो.

सहा सिलिंडरचा ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढणारी बोट, आठ-दहा दिवसांच्या फेरीला निघतो तेव्हा दोनेक हजार लिटर डिझेल, पाच-सहा टन बर्फ, पिण्याचं पाणी, शिधा आणि सात-आठ माणसं घेऊन निघतो. नुसतं डिझेलच आजच्या भावाने पावणेदोन लाखांच्या मागे-पुढे. सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, पण तो येईल तेव्हा येईल. पंपावर आत्ताच मोजावे लागतात. म्हणजे नांगर उचलायच्या आधीच बोट दोन-सव्वादोन लाखांनी अंगावर. आता जायचं कुठे?

जवळ जायचं तर बारा-पंधरा वावांत. (वाव म्हणजे सहा फूट. इको साउंडर मीटर दाखवत असला तरी बंदरात खोली अजून वावातच बोलतात.) तिथे थोडी कोळंबी, ढोमा, मांदेली, किरकोळ माल. थोडं थोडं, पण काहीतरी लागतंच. लांब जायचं तर तीस-चाळीस वावांत. तिथे म्हाकूळ, राणी, वागटी. लागलं तर दोन-तीन ओढींत खण भरतो, नाही लागलं तर डिझेल जळत राहतं आणि बर्फ वितळत राहतो. हंगामभराची सरासरी काढली तर लांबचं पाणी जास्त देतं, हे तांडेलालाही ठाऊक असतं. पण सरासरी हाती लागायला अख्खा हंगाम जावा लागतो. मधे लागोपाठ तीन फेऱ्या रिकाम्या आल्या तर चौथीला डिझेल उधार कोण देणार? सरासरी बरोबर निघेपर्यंत माणूस धंद्यात टिकायला हवा ना.

आमच्या कर्जदारांपैकी एका बोटीवर एक तांडेलकाका होते. साठीला टेकलेले, वाचायला चश्मा, पण क्षितिजावरची बोट कोणाची ते चश्म्याशिवाय सांगणार. एकदा त्यांनी मला त्यांची वही दाखवली. शाळेची दोनशे पानी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कोपरे खाऱ्या दमटाने फुगलेले. आत जीपीएसवरून उतरवलेले अक्षांश-रेखांश, पुढे वाव, पुढे तळ कसला, म्हणजे चिखल, वाळू की खडक, आणि शेवटच्या खान्यात खुणा. टिंब म्हणजे चांगला माल. फुली म्हणजे जाळं फाटलं. दोन फुल्या म्हणजे जाळं गेलं, दोर कापून परत यावं लागलं. पानं उलटताना माझ्या लक्षात आलं की टिंबं आणि फुल्या एकमेकांना चिकटूनच आहेत. जिथे टिंबं दाट, तिथेच आजूबाजूला फुल्या.

यात कोडं काही नाही. मासा खडकाच्या कडेला असतो. हेकरू, तांबोशी, घोळ यांना आडोसा लागतो. ट्रॉलचं जाळं मात्र तळावरून ओढायचं, त्याला खडक चालत नाही. खडकाला जितकं लागून ओढाल तितका माल, आणि तितकंच जाळं धोक्यात. मधे अंतर किती ठेवायचं हा सगळा खेळ. पाण्याला ओढ असते, बोट सरळ जात असली तरी मागचं जाळं सरळ येतंच असं नाही, आणि ते तळाशी कुठे आहे हे दोराच्या ताणावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. इंजिनाचा सूर जड झाला की तांडेलाचा हात आपोआप गिअरवर जातो.

मी विचारलं, “काका, खडकापासून किती लांबून ओढायचं ते कसं ठरवता?”

“ते साहेब, जाळं कोणाचं त्याच्यावर.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते पुढे म्हणाले, “जाळं नवीन असलं की लांबनं. जुनं झालं, यंदा बदलायचंच आहे असं मालक बोलला, की जवळनं. आणि स्वतःची बोट होती तेव्हा? तेव्हा मी खडकाच्या वाटेलाच जायचो नाही.”

त्या वाक्यानंतर मी बंदरातला प्रत्येक निर्णय वेगळ्या नजरेने बघायला लागलो. माणूस धाडसी आहे की भित्रा, हे विचारून काही कळत नाही. विचारायचं हे, की फेरी रिकामी आली तर कोणाच्या नावावर पडणार.

हिशेबाच्या पद्धती बंदरागणिक वेगळ्या, एकाच बंदरात बोटीगणिकही वेगळ्या. ढोबळ चित्र असं: विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, शिधा वजा. उरलं त्यातला मोठा हिस्सा बोटीचा आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. बाकीचं माणसांत वाटून, तांडेलाला इतरांहून जास्त. आता वाट्यावरच्या खलाशाच्या जागी उभं राहून बघा. फेरी रिकामी आली तर त्याचे आठ-दहा दिवस फुकट गेले, पण डिझेलचं बिल त्याच्या खिशातून जात नाही. उलट लागलं तर चार फेऱ्यांची कमाई एका फेरीत. असा खलाशी लांब चला म्हणणार. पगारी खलाश्याचं नेमकं उलटं. रत्नागिरी जिल्ह्याच्या बंदरांत आता नेपाळी खलाशी पुष्कळ आहेत. हंगामाच्या सुरुवातीला उचल, महिन्याचा पगार ठरलेला. चाळीस वावांत जाऊन त्याला काय जास्तीचं मिळणार? जास्तीचं जागरण आणि जास्तीची लाट. तो तोंडाने काही बोलत नाही, पण जाळं ओढायला हात किती जोराने लागतात त्यावरून तांडेलाला कळतं.

मालकाचं आणखी तिसरंच. खर्च बुडाला तर सगळा त्याचा. पण तो बोटीवर नसतो. त्याचे पैसे बुडतात. खलाशी बुडाला तर स्वतः बुडतो. चौथा माणूस बोटीवर दिसतच नाही, तो म्हणजे व्यापारी. ऑगस्टच्या तोंडाला बोट सजवायला, जाळी भरायला त्याने पैसे दिलेले असतात. माल त्यालाच घालायचा, भाव त्याच्या मनाचा. त्याला निर्यातीचं म्हाकूळ आणि कोळंबी हवी असते, ढोमा-मांदेलीत रस नसतो. तेव्हा बोट कुठे जाणार याचा कौल निम्मा तिथेच लागतो.

आणि पाचवे आम्ही. बँकवाल्यांना हे ऐकायला आवडत नाही, मलाही आवडत नसे, पण हप्त्याची तारीख बोटीला बंदराबाहेर ढकलते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत आवक शून्य, खर्च चालूच: बोट ओढून वर घेणं, रंग, डागडुजी, घर. म्हणून १ ऑगस्टला समुद्र अजून धड निवळलेला नसतानाही काही बोटी निघतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग जाण्याची जुनी रीत त्यांना माहीत नसते असं नाही. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी मच्छीमारांतूनच होत आली आहे, आणि तरीही पहिल्या दिवशी निघणाऱ्यांत मागणी करणाऱ्यांचे शेजारी असतात. सगळ्यांनी थांबायचं ठरलं तर थांबतील. एकट्याने थांबणं परवडत नाही. सुरुवातीच्या कोळंबीला भाव असतो, आणि हप्ता डोक्यावर असतो.

खातेवह्या बघून आणखी एक गोष्ट दिसायची. ज्याचं कर्ज फिटत आलंय तो मालक तांडेलाला बजावतो, जपून. ज्याचं थोडं थकलंय तो जवळच राहून रोजचं रोज भरायला बघतो. आणि जो गळ्यापर्यंत बुडालाय तो म्हणतो, जा लांब, बघू काय होतंय ते. त्याला आता वेगळं काय बुडायचं असतं? त्यापुढचं आमचं बुडणार.

मच्छीमार जागा कशी निवडतो यावर अर्थशास्त्रात बरंच लिहिलं गेलंय. कॅनडाच्या एच. स्कॉट गॉर्डन या अर्थतज्ज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला विचार अजून सांगितला जातो. एक चांगलं पाणी, एक बेताचं. मालकी कोणाचीच नाही. बोटी चांगल्या पाण्याकडे धावतात, गर्दी होते, प्रत्येकाच्या वाट्याचं घटतं, आणि शेवटी दोन्हीकडे बोटीमागे सारखंच पडायला लागतं. हे मी हर्णैच्या पुळणीवर रोज बघत होतो. पण त्याने ओघात असंही म्हटलंय की मच्छीमार जुगारी वृत्तीचे आणि कमालीचे आशावादी असतात, म्हणून कमी कमाईतही धंदा सोडत नाहीत. हे मला कधी पटलं नाही. पुढे स्वीडनच्या मच्छीमारांना प्रश्न विचारून केलेल्या एका पाहणीत साधारण निम्मे जण जोखमीच्या बाबतीत इकडचे ना तिकडचे निघाले आणि उरलेले कमी-अधिक सावध. जुगाऱ्यांची जात काही त्यात सापडली नाही. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला जो जुगार दिसतो त्यात पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचे पैसे लागलेले असतात.

आणि तांडेल? तो तर बहुतेक वेळा कळपातून जातो. वायरलेसवर एका बोटीला वागटी लागल्याचा सुगावा लागला की दुपारपर्यंत दहा बोटी तिथे. गर्दीत वाटा कमी पडणार हे कळत असूनही जातात. कारण सरळ आहे. सगळ्यांबरोबर रिकामं आलं तर दोष समुद्राचा. एकट्याने भलतीकडे जाऊन रिकामं आलं तर दोष तांडेलाचा, आणि पुढच्या हंगामाला मालक दुसरा तांडेल बघतो. त्याचं भांडवल म्हणजे त्याचं नाव. म्हणून नवी जागा शोधायला जाणारे दोनच: ज्यांचं नाव इतकं मोठं की एक-दोन रिकाम्या फेऱ्या पचतात, आणि ज्यांचं नाव अजून झालंच नाही. मधले सगळे एकमेकांच्या मागे. वायरलेसवर म्हणूनच कोणी खरं बोलत नाही. भरभरून माल लागलेला तांडेल “काय नाय रे, कचरा हाय” असं ज्या कंटाळलेल्या सुरात सांगतो, तो अभिनय बघण्यासारखा असतो. ऐकणाराही जाणता, तो शब्द ऐकत नाही, मागे इंजिन कसल्या आवाजात चाललंय ते ऐकतो.

उत्तरेला वसई-अर्नाळ्याच्या आणि मुंबईच्या कोळीवाड्यांतल्या डोलीवाल्यांना हा ‘कुठे’चा प्रश्नच पडत नाही. डोल जाळं एका जागी रोवून ठेवायचं, भरती-ओहोटीचा ओघ बोंबील आणि जवळा त्यात आणून घालतो. उधाणाला ओघ जोराचा, माल चांगला. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, पाणी मंद, जाळं लावून उपयोग नाही. जागा ठरलेली, पंचांग ठरलेलं. पण जागा ठरलेली म्हणजे जोखीम गेली असं नाही, ती फक्त जमिनीच्या वादासारखी होते. पालघरच्या समुद्रात डोलींच्या कवी, म्हणजे जाळं बांधायचे खुंट, कोणी कुठवर मारायच्या यावरून वसईकडचे डोलवाले आणि सातपाटीकडचे वावरीची, म्हणजे पाण्यावर वाहती, जाळी सोडणारे यांच्यात वर्षानुवर्षं तंटा चालू आहे. वाहत्या जाळीवाल्याला आपल्या वाटेत रोवलेलं काही नको असतं. त्याला ट्रॉलरही नको असतो, कारण रात्री ट्रॉलर त्याच्या जाळ्यावरून गेला तर सकाळी हातात नुसत्या बोया येतात. कुठे मासा आहे यापेक्षा कुठे ट्रॉलर नाही, हे बघून तो जागा निवडतो.

लांबच्या पाण्याचे आणखी फाटे आहेत, ते भराभर सांगतो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली प्रवाळाचं मोठं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, आंग्रिया बँक. (आमच्या धंद्यातली नव्हे, तिथे ठेव मासळीची आणि कर्ज मिळत नाही.) मुंबईच्या बाहेर बॉम्बे हायचे तेलाचे फलाट आहेत. त्यांच्या खांबांभोवती मासा जमतो, आणि फलाटाभोवती ५०० मीटरच्या आत शिरायला मनाई. माल नेमका त्या ५०० मीटरांत असतो, हे सांगायला नको. शिवाय १९८१ चा राज्याचा मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला तेव्हापासून दंडाचे आकडे लाखांत गेले. त्यामुळे आता पर्ससीनवाला (माशाच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणारा) बंदीच्या पाण्यात जाताना मासा, डिझेल आणि गस्तीची बोट असा तिहेरी हिशेब मांडतो.

सगळ्यात जीवघेणा हिशेब सरहद्दीचा. डहाणू-तलासरीकडची आदिवासी मुलं ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छच्या बाजूला, पाकिस्तानच्या हद्दीलगत, माल चांगला. हद्द पाण्यावर आखलेली नसते, जीपीएसच्या पडद्यावर असते, आणि तो पडदा तांडेलापुढे असतो, खलाशापुढे नाही. बोट पकडली गेली की मालकाची बोट जाते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. घरच्यांना माणूस कुठे आहे याचा पक्का कागद कित्येकदा त्या यादीतूनच मिळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ नावाच्या बोटीवर पाकिस्तानी सागरी यंत्रणेने गोळीबार केला, त्यात पालघर तालुक्यातल्या वडराईचा एक खलाशी गेला. त्या पाण्यात जाण्याचा निर्णय अशा माणसाला कोणी विचारून घेत असेल असं मला वाटत नाही.

आता वादळ. हर्णैला वादळात बोट ठेवायला धड जागा नाही. समुद्र उठला की जवळ आंजर्ल्याची खाडी, नाहीतर दक्षिणेला दाभोळ, जयगड, उत्तरेला दिघी. आंजर्ल्याच्या तोंडाशी गाळ साचलेला. ओहोटीला आत शिरायला गेलं तर बोट लागायची भीती. म्हणून मुरलेला तांडेल जागा ठरवताना मनात उलटा हिशेब आधी करतो. वारा फिरला तर कुठल्या खाडीला पळायचं, तिथे पोचायला किती तास, आणि पोचू तेव्हा भरती असेल का. हे तिन्ही जुळत नसेल तर कितीही माल असला तरी तो त्या दिवशी तिकडे जात नाही, आणि का गेलो नाही हे मालकाला पटवत बसत नाही. इंजिन गरम होत होतं म्हणून सांगतो.

नोव्हेंबर २००९ मधलं फयान वादळ कोकणात अजून कोणी विसरलेलं नाही. दिवाळी उलटून गेलेली, हंगाम ऐन भरात, बोटी लांब पाण्यात. ११ नोव्हेंबरला ते मुंबई-अलिबाग पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं. कोकणातली कितीतरी माणसं परत आली नाहीत. लांब गेलेल्या बोटीपर्यंत निरोप पोचवायचा कसा, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी बोटी आसऱ्याला थेट देवगडात आल्या, शेकडो माणसं घेऊन. आपल्या घरापासून इतक्या लांब पाण्यात मासा शोधत फिरणारे ते लोक बघून देवगडकरांना आपली चाळीस वावं अंगणातली वाटली असतील.

निरोपाची सोय आता पुष्कळ सुधारली. हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासा कुठे जमण्याची शक्यता आहे ते सांगते, बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली यांसकट, मराठीतही. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही. शिवाय हा सल्ला वरच्या थरातल्या बांगडा-तारलीसारख्या माशांना जास्त लागू, तळाच्या कोळंबीला नाही. पण तांडेलांची तक्रार वेगळीच. तांडेलकाकांच्या मुलाने, तो आता स्वतः तांडेल आहे, मला विचारलं होतं, “सरकारनं सगळ्यांनाच सांगितलं तर मला सांगून काय उपयोग?” गॉर्डनसाहेबांना हा प्रश्न आवडला असता.

फोनचा उपयोग खरा झाला तो मासा पकडल्यानंतर. उत्तर केरळात १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल आले तेव्हाचा एक गाजलेला अभ्यास आहे. त्याआधी एका बंदरात तारलीला गिऱ्हाईक नाही म्हणून रोजच्या मालातला ५ ते ८ टक्के फुकट जायचा, आणि थोड्या अंतरावरच्या बंदरात गिऱ्हाईक माशाविना परत जायचं. समुद्रातूनच फोन लावून भाव विचारता येऊ लागल्यावर नासाडी जवळजवळ थांबली आणि बंदराबंदरांतला भावाचा फरक मिटला. जाळं कुठे टाकायचं यातली अनिश्चितता तशीच राहिली, माल कुठे उतरवायचा यातली गेली.

तरी लांब जाण्याचा मोह कशाने टिकून राहतो ते सांगायचं तर ऑगस्ट २०२१ ची पालघरजवळच्या मुरब्याची गोष्ट. बंदी उठल्यावरच्या पहिल्याच महिन्यात एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मासे लागले आणि सव्वा कोटीच्या पुढे विकले गेले. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात सोन्यासारखा भाव. बातमी देशभर झाली. त्या आठवड्यात हर्णैला एकजण मला फोन करून म्हणाला, साहेब, मोठी बोट घ्यायचीय. मी म्हटलं, त्याच दिवशी रिकाम्या आलेल्या बोटींची बातमी कुठल्या पेपरात आली ते आधी सांग. त्याने फोन ठेवला. बोट त्याने घेतलीच, दुसऱ्या कोणाकडून तरी कर्ज काढून.

हल्ली हर्णैला गेलो की वेगळीच भांडणं ऐकू येतात. बोटींवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रं येत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमधूनच एक लाख बोटींवर असे ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. जिवाच्या दृष्टीने ही मोठी सोय, फयानमध्ये ती असती तर काय काय वाचलं असतं. पण आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला कळू न देण्यावर ज्याचा धंदा चालतो त्या तांडेलाला ते गळ्यातल्या घुंगरासारखं वाटतं. त्यात मालक.

आमच्या जुन्या कर्जदाराने बोटीवर स्वतःहून एक यंत्र बसवून घेतलं. आता त्याला घरी सोफ्यावर बसून मोबाइलच्या नकाशावर बोटीचा ठिपका दिसतो. लगेच सूचना सुरू झाल्या. पंधरा वावांत काय करतोयस, बाकीचे पस्तीसला आहेत, तिकडे जा. तांडेलकाकांच्या मुलाने एक फेरी ऐकलं, दोन फेऱ्या ऐकलं, दोन्ही रिकाम्या आल्या. तिसऱ्या फेरीला निघण्याआधी तो मालकाच्या पडवीत जाऊन बसला. म्हणाला, तुम्ही सांगाल तिथे जाळं टाकीन, पण मग त्या फेरीला माल लागो न लागो, माझ्या पोरांना ठरलेला भत्ता तुम्ही द्यायचा. मी सांगेन तिथे टाकलं तर आपला नेहमीचा हिशेब. मालकाने बरीच घासाघीस केली, मला मध्यस्थ म्हणून बोलावलं, मी अर्थातच तांडेलाच्या बाजूने बोललो. शेवटी तसा कागद झाला. दिवाळीपर्यंत मालकाने जागा सांगणं बंद केलं. ठिपका अजून बघतो म्हणे.